सांडपाण्याचा पुनर्वापर: नियम, जबाबदाऱ्या आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीचा सचिव म्हणून एसटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पाच्या, खोलीची किल्ली सहा वर्षं माझ्याकडे होती. तेव्हापासून इतर सोसायट्यांचे फोन आणि मेसेज सुरू झाले, ते अजून थांबलेले नाहीत. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. पहिले काही प्रश्न अगदी नवख्यांसाठी आहेत. फ्लशच्या पाण्याला वास मारतोय म्हणून घाईत आला असाल, तर थेट प्रश्न ८ वर जा.

१. सांडपाण्याचा पुनर्वापर म्हणजे गटाराचं पाणी परत घरात आणायचं का?

हो, पण नळाला नाही, फ्लशला. आंघोळीचं, कपड्यांचं, बेसिनचं पाणी म्हणजे करडं पाणी, म्हणजेच ग्रे वॉटर. संडासाचं पाणी म्हणजे मैलापाणी. स्वयंपाकघरातल्या सिंकच्या पाण्यात तेल आणि खरकटं असतं, म्हणून ते बहुतेक ठिकाणी मैलापाण्यासोबतच जातं. प्रक्रिया तीन टप्प्यांत होते. आधी जाळीतून कचरा गाळायचा, मग हवा देऊन जिवाणूंकडून घाण खाऊन घ्यायची आणि गाळ खाली बसवायचा, शेवटी वाळू आणि कोळशाच्या फिल्टरमधून काढून क्लोरीन किंवा यूव्ही द्यायचं. तिसरा टप्पा नसेल तर ते पाणी नदीत सोडण्यापुरतं ठीक असतं, घरात आणण्यापुरतं नाही.

खाली एमएलडी हा शब्द सारखा येईल. एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर.

२. एवढा खटाटोप कशासाठी? पाऊस तर भरपूर पडतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीप्रमाणे देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ एमएलडी सांडपाणी तयार होत होतं आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती २०,२३६ एमएलडीवर. उरलेलं ओढ्या-नाल्यांतून नदीत किंवा खाडीत जात होतं. यात एक गोष्ट बघण्यासारखी आहे. उभारलेली क्षमता ३१,८४१ एमएलडी होती. म्हणजे जे प्रकल्प बांधून तयार होते, त्यांतलाही तिसरा हिस्सा रिकामा होता. कुठे ड्रेनेजची लाईनच प्रकल्पापर्यंत पोचलेली नाही, कुठे वीजबिलाला पैसे नाहीत, आणि बऱ्याच ठिकाणी शुद्ध झालेलं पाणी घ्यायला कुणी उभंच नाही. या शेवटच्या कारणाकडे मी पुन्हा पुन्हा येणार आहे, कारण धोरणाची खरी गाठ तिथे आहे.

३. याची जबाबदारी नक्की कुणाची? महापालिका म्हणते मंडळाकडे जा, मंडळ म्हणतं महापालिकेकडे.

दोघंही आपापल्या परीने खरं बोलतात, म्हणून तर आपली फरफट होते. घरातून निघालेलं सांडपाणी गोळा करणं आणि त्यावर प्रक्रिया करणं हे महापालिकेचं किंवा नगरपालिकेचं काम. ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर बाराव्या परिशिष्टात पाणीपुरवठा आणि स्वच्छता हे विषय त्यांच्याकडे आले. सोडलेलं पाणी मानकात बसतं का हे तपासायचं राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने. धरणातलं पाणी कुणाला किती द्यायचं ते जलसंपदा विभाग ठरवतो आणि ठोक पाण्याचे दर ठरवतं महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण, जे २००५ च्या कायद्याने स्थापन झालं. इमारतीत एसटीपी हवा की नको, हे बांधकाम परवानगी देणारा नगररचना विभाग पाहतो.

साध्या भाषेत सांगायचं तर रस्त्यावर चेंबर तुंबलं तर महापालिका, एसटीपीतून काळं पाणी नाल्यात जात असेल तर मंडळ.

४. यासाठी एखादा स्वतंत्र कायदा आहे का?

नाही. जे आहे ते तुकड्यातुकड्यांत. पाया म्हणजे १९७४ चा जलप्रदूषण प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा. मंडळाचं संमतीपत्र, म्हणजे एसटीपी चालवायची आणि पाणी सोडायची अटींसह परवानगी, याच कायद्याखाली मिळतं. त्यावर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आणि त्याखालच्या अधिसूचना. केंद्राने शुद्ध केलेल्या पाण्याच्या सुरक्षित पुनर्वापराची राष्ट्रीय चौकट आखून दिली आहे, पण ती राज्यांसाठी मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने द्रव कचरा व्यवस्थापन नियमांचा मसुदा काढला. त्यात मोठ्या पाणीवापरदारांवर पुनर्वापराची जबाबदारी टाकण्याची कल्पना आहे. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये नागरी सांडपाण्यावर प्रक्रिया आणि पुनर्वापराचं धोरण मंजूर केलं.

धोरण आणि नियम यांत लोक गल्लत करतात. धोरण मोडलं म्हणून कुणाला नोटीस येत नाही. नोटीस येते ती संमतीपत्रातली अट मोडली म्हणून.

५. आमच्या इमारतीला एसटीपी बंधनकारक आहे का?

बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल, तर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी घ्यावी लागते, आणि त्या मंजुरीच्या अटींत एसटीपी असतोच. त्याहून लहान प्रकल्पांसाठी स्थानिक विकास नियंत्रण नियमावली पाहायची. मुंबई सोडून राज्याच्या बहुतेक भागांत २०२० ची एकत्रित नियमावली चालते, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. तिच्यात करड्या पाण्याच्या पुनर्वापराची वेगळी तरतूद आहे. मुंबईची नियमावली वेगळी.

जुन्या इमारतीला नवा नियम आपोआप लागत नाही. तुमच्या मंजूर नकाशावर आणि भोगवटा प्रमाणपत्राच्या अटींत जे लिहिलंय ते तुम्हाला लागू. मात्र पुनर्विकासाला गेलात की सगळे आजचे नियम लागतात. पुनर्विकासाच्या सभेत एसटीपीच्या जागेचा विषय कुणी काढत नाही आणि मग तो तळघराच्या कोपऱ्यात, पार्किंगच्या दोन जागांमध्ये कोंबला जातो. तो विषय पहिल्याच सभेत काढा.

६. पाणी किती स्वच्छ असायला हवं? प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो.

कारण आकडे खरंच वेगवेगळे आहेत. केंद्राच्या १३ ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेत बीओडी महानगरांसाठी २० आणि इतरांसाठी ३० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. बीओडी म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण खायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन. आकडा जितका जास्त, तितकं पाणी घाण. एप्रिल २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने मोठ्या शहरांसाठी बीओडी १० आणि तरंगते घनकण २० अशी कडक मर्यादा सांगितली. हे झालं नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याचं. फ्लशला वापरायचं असेल तर केंद्राच्या सीपीएचईईओ या तांत्रिक संस्थेच्या २०१३ च्या मलनिस्सारण संहितेत गढूळपणा २ एनटीयूपेक्षा कमी, विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू शून्य आणि शिल्लक क्लोरीन १ मिलिग्रॅम अशी शिफारस आहे.

तुम्ही यांतलं काहीही पाठ करू नका. मंडळाच्या संमतीपत्राच्या तक्त्यात तुमच्या एसटीपीचे आकडे छापलेले असतात, तेच तुम्हाला बांधील.

७. हे पाणी कुठे वापरता येतं आणि कुठे नाही?

फ्लश, बाग, रस्ते आणि पार्किंग धुणं, गाड्या बाहेरून धुणं, कूलिंग टॉवर आणि बांधकाम यांना चालतं. बांधकामाच्या आधी मात्र आयएस ४५६ प्रमाणे पाण्याची चाचणी करून घ्या, क्षार जास्त असतील तर सळईचं नुकसान होतं. बागेत मुलं खेळत असतील तर फवाऱ्याऐवजी ठिबक लावा.

पोहण्याचा तलाव, कारंजं, कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्या यांना नाही. आणि उरलेलं पाणी पर्जन्यजल पुनर्भरणाच्या खड्ड्यात किंवा बंद बोअरमध्ये तर कधीच सोडू नका. ही युक्ती मला आतापर्यंत चार सोसायट्यांनी अगदी उत्साहाने सांगितली आहे. त्याच भूजलावर शेजारच्यांची बोअर चालते.

८. फ्लशच्या पाण्याला वास येतो आणि ते पिवळट दिसतं. ऑपरेटर म्हणतो, एसटीपीचं पाणी असंच असतं.

असंच नसतं. किंचित पिवळसर झाक असू शकते, वास असू नये.

आधी वास ओळखा. सडक्या अंड्यासारखा असेल तर हवा कमी पडते आहे, म्हणजे ब्लोअर बंद, नादुरुस्त किंवा टाकीच्या तळातले डिफ्यूझर चोंदलेले. दलदलीसारखा, कुबट वास असेल तर शुद्ध केलेलं पाणी टाकीत फार वेळ पडून आहे आणि क्लोरीन संपलं आहे. वास नाही पण रंग आहे, तर कोळशाचा फिल्टर संपला. त्यातला कोळसा बदलावा लागतो, नुसतं उलटं पाणी सोडून भागत नाही. ही गोष्ट कंत्राटदार वर्षानुवर्षं टाळतात, कारण कोळसा महाग असतो आणि टाकीत डोकावून कुणी बघत नाही.

मग एक साधी चाचणी करा. एक लिटरचा काचेचा किंवा प्लास्टिकचा मोजपात्र-सिलिंडर आणा, वायुवीजन टाकीतलं पाणी त्यात काठोकाठ भरा आणि अर्धा तास हलवू नका. चांगल्या टाकीतलं पाणी चहासारखं तपकिरी असतं आणि त्याला पावसाळी मातीसारखा वास असतो. दहा मिनिटांत कापसासारखे पुंजके खाली बसू लागतात. अर्ध्या तासाने तळाशी साधारण पाव ते तिसरा हिस्सा गाळ आणि वर स्वच्छ पाणी दिसलं, तर जिवाणू मजेत आहेत. प्लास्टिकच्या चाकांवर जिवाणू वाढवणाऱ्या एमबीबीआर पद्धतीत गाळ याहून बराच कमी बसतो, तिथे घाबरू नका. गाळ काळा असेल, किंवा बसलेला गाळ पुन्हा वर तरंगून आला, तर ऑपरेटरला पुढचा प्रश्न विचारा: रात्री ब्लोअर चालू असतो का? (प्रश्न ११ पाहा.)

ही चाचणी रोज करून वहीत आकडा लिहायला लावा. वहीतला आकडा रोज बरोब्बर ३०० मिली असेल, तर चाचणी होत नाही, फक्त वही भरली जाते.

९. बिल्डरने एसटीपी सोसायटीच्या ताब्यात दिला, पण तो कधी नीट चाललाच नाही. आता काय करायचं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि तो माझ्या फार जवळचा आहे. आमच्या हस्तांतरणाच्या दिवशी बिल्डरचा माणूस काचेच्या ग्लासात पाणी घेऊन आला. नितळ, चकाकतं पाणी. कार्यकारिणीने टाळ्या वाजवल्या, मी सही केली. महिन्याभराने एका जाणत्या ऑपरेटरने वायुवीजन टाकीतून प्लास्टिकची चाकं ओंजळीत काढून दाखवली. दुकानातून आणल्यासारखी कोरी करकरीत. चालत्या टाकीत त्यांवर तपकिरी, बुळबुळीत थर असतो. तोच तर सगळं काम करतो. आमच्याकडे थर नव्हता, कारण टाकीत सांडपाणी कधी गेलंच नव्हतं. ग्लासातलं पाणी टँकरचं होतं.

म्हणून सही करण्याआधी पूर्ण भारावर किमान काही दिवस एसटीपी चालवून दाखवायला लावा आणि नमुना सोसायटीने स्वतः घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा. सोबत मंडळाचं संमतीपत्र, पर्यावरणीय मंजुरी, जसं बांधलं तसे नकाशे, यंत्रांच्या हमीपत्रांच्या प्रती आणि एसटीपीचा स्वतंत्र वीज मीटर या गोष्टी मागा. मीटरचा विषय क्षुल्लक वाटतो, पण गेल्या वर्षभराची युनिटं पाहिली की एसटीपी चालला की नाही हे कुणाला विचारावं लागत नाही.

सही होऊन गेली असेल तरी दार बंद झालेलं नाही. स्थावर संपदा कायद्याच्या, म्हणजे रेराच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात किंवा सेवासुविधांत दोष निघाला, तर तो कळवल्यापासून तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करणं बिल्डरवर बंधनकारक आहे. लेखी कळवा, फोटो आणि प्रयोगशाळेचा अहवाल जोडा, पोच घ्या. पाच वर्षं ताबा मिळाल्यापासून मोजतात, सोसायटी नोंदल्यापासून नाही. यात बरेच जण फसतात.

संमतीपत्राला मुदत असते. ते बिल्डरच्या नावावर संपून गेलं आणि तुम्ही नूतनीकरण केलं नाही, तर पुढची नोटीस सोसायटीच्या नावाने येईल.

१०. निम्मेच फ्लॅट भरलेत. एसटीपी चालत नाही.

अन्न कमी पडतं म्हणून जिवाणू टिकत नाहीत. चालत्या एसटीपीतला गाळ टँकरने आणून टाकतात, त्याला विरजण म्हणा. शेणकाला आणि गुळाचं पाणीही घालतात. शेणाने सुरुवात होते, पण त्यावर कायमचं भागत नाही. दोन समांतर टाक्या असतील तर एकच चालवा.

११. रात्री ब्लोअर बंद ठेवून वीज वाचवली तर?

सलग सात-आठ तास हवा बंद ठेवली की टाकीतला ऑक्सिजन संपतो आणि प्रश्न ८ मधला वास सुरू होतो. वाचलेली वीज मग क्लोरीन, अत्तर आणि सभासदांच्या शिव्या यांत खर्च होते. वाचवायचीच असेल तर पाण्यातल्या ऑक्सिजनप्रमाणे ब्लोअरचा वेग कमी-जास्त करणारी व्यवस्था बसवा.

१२. टाकी साफ करायला माणूस उतरवावा लागतो का? कंत्राटदार म्हणतो, आमची मुलं सवयीची आहेत.

नाही. उतरवू नका, आणि तो उतरवत असेल तर तिथल्या तिथे काम थांबवा.

२०१३ च्या हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम ७ प्रमाणे सुरक्षासाधनांशिवाय कुणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये सफाईसाठी उतरवता येत नाही. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. काम कंत्राटदाराला दिलं म्हणून सोसायटीची जबाबदारी संपते असं समजू नका. अशा मृत्यूला १० लाख रुपये भरपाई देण्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवलं होतं, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली.

एसटीपीची टाकी हा सेप्टिक टँक नाही असा युक्तिवाद मी ऐकला आहे. हायड्रोजन सल्फाइडला ही व्याख्या कळत नाही. हा वायू थोडा असतो तेव्हा सडक्या अंड्याचा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. पहिला माणूस पडतो, दुसरा त्याला काढायला उतरतो आणि तोही पडतो. गाळ काढायला सक्शन मशीन मागवा. करारात तसं कलम घाला, आणि टाकीच्या झाकणाला कुलूप लावून किल्ली कार्यालयात ठेवा.

१३. एसटीपी आम्ही आमच्या पैशाने चालवतो. मग महापालिकेला मलनिस्सारण कर का द्यायचा?

राग रास्त आहे. पण हा कर आहे, सेवेचं बिल नाही. आणि प्रश्न १४ मध्ये दिसेल की तुमचंही निम्मं पाणी शेवटी महापालिकेच्याच लाईनीत जातं. काही महापालिका एसटीपी चालू ठेवणाऱ्या सोसायट्यांना मालमत्ता करात सवलत देतात. त्यासाठी बहुधा दरवर्षी अर्ज आणि प्रयोगशाळेचा अहवाल लागतो, आपोआप काही मिळत नाही.

१४. शुद्ध केलेलं पाणी उरतं. त्याचं काय करायचं? टँकरवाल्याला विकता येईल का?

हिशेब मांडू. २०० फ्लॅट, घरटी पाच माणसं, म्हणजे हजार लोक. माणशी १३५ लिटर धरलं तर रोज १,३५,००० लिटर पाणी लागतं. त्याच्या ८० टक्के, म्हणजे सुमारे १,०८,००० लिटर सांडपाणी होतं. फ्लशला माणशी ४५ लिटर, म्हणजे ४५,००० लिटर. उरले जवळजवळ ६०,००० लिटर. बाग आणि पार्किंग धुऊन उन्हाळ्यात त्यातलं थोडं संपेल. पावसाळ्यात बागेलाही नको.

म्हणजे नियम म्हणतो शंभर टक्के शुद्ध करा, आणि सोसायटीला गरज असते निम्म्याची. बाकी निम्मं, वीज आणि रसायनं खर्चून नितळ केलेलं, पुन्हा त्याच गटारात जातं आणि खाली महापालिकेच्या प्रकल्पात मैलापाण्यात मिसळून दुसऱ्यांदा शुद्ध होतं. यासारखा उलटा कारभार मी दुसरा पाहिला नाही. शेजारच्या बांधकामाला नळीने पाणी द्यायची परवानगी सरळपणे मिळाली, तर निम्मी टँकरची ये-जा थांबेल.

विकायचं असेल तर आधी संमतीपत्राच्या अटी वाचा, महापालिकेला लेखी कळवा, प्रत्येक टँकरची नोंद ठेवा आणि टँकरवर ‘पिण्यास अयोग्य’ असं ठळक लिहायला लावा. पुणे महापालिका स्वतःच्या मैलाशुद्धीकरण केंद्रांतलं पाणी बांधकामांना टँकरने देते, म्हणजे गिऱ्हाईक आहे. सोसायटीला ते शोधावं लागतं, इतकंच.

१५. शहर पातळीवर हे कुठे जमलंय का? की सगळं कागदावरच?

नागपूरला जमलंय. कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राचा ६६० मेगावॉटच्या तीन संचांनी विस्तार व्हायचा होता. औष्णिक केंद्राला थंड करायला अफाट पाणी लागतं, आणि पेंच धरणाच्या पाण्यावर आधीच शहर आणि शेती दोघांचा डोळा. २००८ मध्ये महानिर्मिती आणि नागपूर महापालिका यांच्यात करार झाला: शहराचं मैलापाणी वीज कंपनी घेणार, भांडेवाडीला प्रक्रिया करणार, नळाने कोराडीला नेणार आणि त्याबद्दल महापालिकेला पैसे देणार. तो प्रकल्प १३० एमएलडीचा. पुढे भांडेवाडीलाच २०० एमएलडीचा आणखी एक उभा राहिला.

मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी गिऱ्हाईक ठरलं, मग प्रकल्प झाला. एरवी आपल्याकडे आधी अनुदानातून प्रकल्प होतो, फीत कापली जाते, आणि मग पाणी कुणाला द्यायचं यावर समिती बसते. कोराडीत वीज कंपनीला पाणी खरोखर हवं होतं. पाणी बंद पडलं तर तिचे संच बंद पडणार होते. त्यामुळे भांडेवाडी चालू राहावी यात कंपनीचाच स्वार्थ होता.

जानेवारी २०१६ च्या राष्ट्रीय वीज दर धोरणाने हाच विचार देशभर नेला: महापालिकेच्या मैलाशुद्धीकरण प्रकल्पापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्राने शुद्ध केलेलं सांडपाणी वापरलं पाहिजे, आणि त्याचा खर्च वीजदरात धरता येईल. मेख या दुसऱ्या वाक्यात आहे. खर्च कुणाच्या खिशातून जाणार हे ठरल्याशिवाय सक्तीला अर्थ नसतो.

मुंबईत चेंबूरचा आरसीएफचा खत कारखाना २००० सालापासून महापालिकेचं मैलापाणी घेऊन, शुद्ध करून कारखान्यात वापरतो आहे. नवी मुंबईत ऐरोली आणि कोपरखैरणेला प्रत्येकी २० एमएलडीचे तिसऱ्या टप्प्याचे प्रकल्प आहेत, त्यांचं पाणी एमआयडीसीतल्या उद्योगांसाठी. मुंबई महापालिकेची वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर अशी सात केंद्रं मिळून २,४६४ एमएलडीची कामं चालू आहेत. एवढं पाणी घेणार कोण, याचं उत्तर तयार होताना मात्र अजून दिसत नाही.

१६. मी दौंड तालुक्यातला शेतकरी आहे. धरणाचं पाणी पुण्याला आणि पुण्याचं सांडपाणी आम्हाला, हा कुठला न्याय?

या प्रश्नाला तांत्रिक उत्तर देऊन सुटका नाही, तरी व्यवहार काय ठरला होता ते सांगतो. पुणे शहर खडकवासला साखळीतून ठरल्यापेक्षा जास्त पाणी उचलतं. त्या बदल्यात महापालिकेने वर्षाला साडेसहा टीएमसी सांडपाणी शुद्ध करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून बेबी कालव्यात सोडायचं, म्हणजे तेवढं धरणाचं पाणी मोकळं होईल, असं ठरलं. साडेसहा टीएमसी म्हणजे रोजचे सुमारे ५०० एमएलडी.

अडचण अशी की जॅकवेल पाणी उचलतं ते मुठा-मुळेच्या पात्रातून, आणि पात्रात शुद्ध केलेल्या पाण्याबरोबर न शुद्ध केलेलंही येतं. त्यामुळे पाण्याला फेस, विहिरींना वास आणि जमीन बिघडल्याच्या तक्रारी हवेली-दौंडमध्ये वर्षानुवर्षं आहेत. महापालिका सांगते ‘इतके टीएमसी सोडले’. जलसंपदा विभागाशी वाद होतो तोही टीएमसीवर. बीओडीवर कुणी भांडत नाही. करारात पाण्याच्या मापाइतकंच ठळक कलम दर्जाचं असतं आणि दर्जा नसेल तर ते माप धरायचं नाही असं ठरतं, तर हा प्रश्न तुम्हाला मला विचारावा लागला नसता.

सध्या हातात काय आहे? कालव्याच्या तुमच्या तोंडाशी नमुना घ्या, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल घ्या आणि पाणीवापर संस्थेच्या लेटरहेडवर जलसंपदा विभाग आणि मंडळ या दोघांना पाठवा. एकट्याच्या अर्जाला उत्तर येत नाही.

१७. शुद्ध केलेल्या पाण्यावर मालकी कुणाची?

भल्याभल्यांना अडवणारा प्रश्न. ज्याने शुद्ध केलं त्याचं, असं महापालिका मानते आणि ते विकते. पण ते पाणी आजवर नदीतून खाली जात होतं आणि खालची गावं ते उपसत होती. उद्या सगळं पाणी नळातून कारखान्याला गेलं तर उन्हाळ्यात नदीत काय उरेल? नागपूरपुरतं पाहिलं तर खालच्या लोकांचा तोटा कमी आणि फायदा जास्त: नाग नदीतून कन्हान आणि वैनगंगेमार्गे गोसीखुर्दच्या जलाशयात जाणारी घाण तेवढी कमी झाली. सगळीकडे हिशेब असा सोपा नसतो. नदीत किमान किती पाणी राहू द्यायचं हे ठरवल्याशिवाय नवे विक्री करार करू नयेत, असं माझं मत आहे.

१८. हे पाणी पिता येईल इतकं शुद्ध करता येत नाही का?

येतं. नामिबियातलं विंडहूक शहर १९६८ पासून ते करतं, सिंगापूरही. आपल्याकडे दूषित लाईनीतून कावीळ पसरल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. आधी साधं पाणी नीट मिळू दे.

१९. सोसायटीत दवाखाना, पार्लर आणि हॉटेल आहे. त्यांचं पाणी आमच्या एसटीपीत चालेल का?

हॉटेलचं चालेल, पण तेल अडवणारा ग्रीस ट्रॅप त्यांनी त्यांच्या हद्दीत बसवायचा आणि आठवड्याला साफ करायचा. तेल टाकीत गेलं की सगळी चाकं तुपकट होतात. दवाखान्याच्या द्रव कचऱ्याला २०१६ चे जैववैद्यकीय कचरा नियम लागतात, तो आधी तिथेच निर्जंतुक करावा लागतो. पार्लरमधला केसांचा रंग थोडा असेल तर फरक पडत नाही. ड्राय क्लीनिंग, गॅरेज किंवा छपाईचं पाणी मात्र घरगुती सांडपाणी नव्हेच; त्यांना मंडळाची वेगळी संमती लागते. भाडेकरार करतानाच हे लिहून घ्या.

२०. वॉशिंग मशीनचं पाणी मी माझ्या बंगल्याच्या बागेला देतो. परवानगी लागते का?

नाही. डास होतील असं साठवू नका आणि शेजाऱ्याच्या भिंतीशी मुरवू नका.

२१. फ्लशची लाईन चुकून पिण्याच्या लाईनीला जोडली गेली असेल तर कसं कळणार?

प्लंबर घाईत जोडणी करतो, विशेषतः कुणी घरात बाथरूमचं नूतनीकरण काढलं की. वर्षातून एकदा तपासा. गच्चीवरच्या फ्लशच्या टाकीत खाण्याचा निळा रंग टाका आणि तासाभराने सगळ्या घरांतले नळ सोडून पाहा. कमोड सोडून कुठेही निळं पाणी आलं, तर ते घर सापडलं. फ्लशच्या टाकीत कमी पडेल तेव्हा पिण्याच्या लाईनीतून पाणी घ्यायची सोय असते. त्या नळाचं तोंड टाकीतल्या पाण्याला कधी टेकता कामा नये, वीतभर वर हवं. टाकीचं झाकण उघडून आजच पाहा.

२२. तक्रार केली, कुणी दाद देत नाही. पुढे काय?

मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. महिनाभर काही झालं नाही तर माहिती अधिकारात ‘कारवाई का केली नाही’ असं विचारू नका. त्याला ‘माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर येतं. कागद मागा: त्या एसटीपीचं संमतीपत्र, गेल्या दोन वर्षांतल्या भेटींचे अहवाल आणि घेतलेल्या नमुन्यांचे निकाल. भेटीच झाल्या नसतील तर तेही लेखी मिळतं, आणि हरित लवादाच्या पुण्यातल्या खंडपीठापुढे जायची वेळ आली तर तोच कागद वर ठेवायचा.